कोटवाराच्या वहीतली आई

फोपनार, तहसील बुऱ्हाणपूर
२७ फेब्रुवारी १९५५

विमल,

तुझं पत्र काल मिळालं. पाकीट दोन वेळा चिकटवलेलं होतं. एक डिंक तुझा, दुसरा कुणाचा ते तोच जाणे. मधे बसून जो कुणी आपली पत्रं वाचतो त्याला सांगणं आहे की बाबा रे, यात लग्नाशिवाय काही नाही. झेंडा नाही, सत्याग्रह नाही. वाच आणि नीट चिकटव.

तू पाठवलेली यादी खिशातच ठेवली आहे. जन्माचा दाखला. लग्न झालेलं नाही असा दाखला. दोन्हींवर मॅजिस्ट्रेटचा शिक्का, मग मुंबईला पोर्तुगीज वकिलातीचा शिक्का, मग तुमच्याकडे त्यांच्या भाषेत तर्जुमा. वर दोन्ही सरकारांचा परवाना. पुण्यात एकाच बाकावर बसत होतो तेव्हा वाटलं होतं का, की तू परदेशची आणि मी इकडचा? तुझ्या मावशीच्या घरून म्हापशाला जायला एक रात्र लागायची. आता मला सात शिक्के लागतात.

पण काळजी करू नकोस. आठ दिवसांचं काम आहे. तुझे बाबा मला 'कॉलेज अर्धवट टाकलेला' म्हणतात ना, म्हणू दे. कॉलेजातल्या त्या मास्तराने सगळ्या वर्गासमोर, तू गोव्याला परत गेलीस त्यावरून टोमणा मारला, मी वही फेकली आणि निघून आलो. त्याचा पस्तावा नाही. इथं केळी आणि कापूस आहे, पोट भरेल.

उद्या बुऱ्हाणपूरला तहसिलीत जातो.

तुझा
अरविंद


म्हापसा, गोवा
११ मार्च १९५५

अरविंद,

आठ दिवसांचे बारा झाले, म्हणून लिहिते आहे. रागावू नका.

बाबांचं ऐका आधी. त्यांनी 'हो' म्हटलं आहे, पण कसं? शाळेत गणित शिकवतात तसं. आषाढी एकादशीच्या आत रजिस्ट्रारच्या वहीत दोघांच्या सह्या व्हायला हव्यात. नाहीतर मडगावच्या माणसांना ते होकार कळवणार. त्यांचा मुलगा बंदरावर कारकून आहे, दोनदा येऊन चहा पिऊन गेला. मी आतूनच पाहिलं.

आणखी एक, तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून. आमच्याकडे भटजींनी लावलेलं लग्न सरकार धरत नाही. आधी कचेरीत जाऊन सांगायचं की आम्हाला लग्न करायचं आहे. मग ते कचेरीच्या दारावर कागद चिकटवतात, त्याला इथं एदिताल म्हणतात. त्यात मुलाचं नाव, त्याच्या आईबापांचं नाव, मुलीचं तसंच. पंधरा दिवस गावानं वाचायचं. कुणाची हरकत नसेल तर सही. म्हणून दाखल्यात एक अक्षरही इकडचं तिकडे नको. बाजाराच्या वाटेवर आहे ती कचेरी. सगळे थांबून वाचतात.

समोरच्या घरातला मुलगा परवा पोलिसांनी नेला. का, ते कुणी बोलत नाही. आई दिवसासुद्धा खिडकी लावते. बेळगावकडची गाडी बंद होणार असं रोज कुणीतरी सांगतं. तुम्ही दाखले पाठवा.

विमल


फोपनार
२ एप्रिल १९५५

विमल,

उशीर झाला. जुनी वही सापडत नव्हती, तहसिलीत सगळा पुराना कागद एका कोठडीत कोंबलेला आहे आणि तिची चावी ज्याच्याकडे आहे तो बाबू लग्नाला खंडव्याला गेला. लग्न न झाल्याचा दाखला मात्र मिळाला. गावच्या पटेलानं लिहून दिला, हसत हसत. म्हणाला, "हा कागद तुले फाडायचाच हाये ना?"

जन्माच्या दाखल्याचं थोडं राहिलं आहे. फालतू गोष्ट आहे, मी बघून घेतो. तू एदितालबद्दल पुन्हा लिहू नकोस. कळलं मला.

आईची तब्येत बरी आहे. तुम्ही दारावर जो कागद लावता त्यात जात लिहितात का? सहज विचारतो.

अरविंद


म्हापसा
१६ एप्रिल १९५५

अरविंद,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. पुण्यात तुम्ही चार ओळींत कधी थांबला नाहीत. फालतू गोष्ट आहे असं जेव्हा तुम्ही म्हणता तेव्हा ती तशी नसते, एवढं मला कळतं.

जात लिहीत नाहीत. का विचारलंत?

मला वाटतं ते लिहून टाकते. तुमच्या आईंना मी नको आहे. मासे खाणारी, परमुलखातली, तुमच्याकडचं बोलणं न येणारी. त्यांनी हट्ट धरला असेल आणि तुम्ही कागदाचं कारण सांगत असाल. तसं असेल तर सरळ लिहा. मी रडेन, पण मडगावकरांसमोर बसताना मला निदान ठाऊक असेल की मी कशामुळे बसले आहे. आता नुसतं न कळण्याची भीती वाटते. पोस्टमन दिसला की आत पळते, नाही दिसला तर दारातच उभी राहते.

विमल


फोपनार
२६ एप्रिल १९५५

विमल,

मासे खाणारी म्हणे. माझ्या आईनं तुझा फोटो देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला आहे. तुला वाटतं तसं काहीएक नाही, आणि असं काही पुन्हा लिहिलंस तर मी पायी निघेन, परवाना गेला खड्ड्यात.

पण मी खोटं लिहिलं, हे खरं. वही पहिल्याच दिवशी सापडली होती.

इकडे गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोटवार लिहून घेतो आणि ठाण्यावर नेऊन देतो. बावीस वर्षांपूर्वी आमचा कोटवार दगा होता, आता वारला. त्याच्या वहीत माझ्या जन्माच्या तारखेला फोपनारमध्ये एकच पोरगा आहे. नाव कडू. आई गोदाबाई, बेवा म्हणजे विधवा. बाप, कोरी जागा.

तो मी आहे.

माझ्याआधी आईची तीन मुलं गेली. दोन मुलगे, एक मुलगी, एकही पाचवीच्या पूजेनंतर फार टिकलं नाही. म्हणून मी झालो तेव्हा मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि गोदाबाईनं उचललं. ती मागच्या गल्लीत राहते, शेण गोळा करून गोवऱ्या थापते, आमच्या लोकांत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. तिनं शेरभर ज्वारी देऊन मला विकत घेतलं. नाव कडू ठेवलं, म्हणजे ज्याला न्यायचं असतं तोही तोंड वाकडं करील. नाक टोचलं. तू पुण्यात विचारलं होतंस, नाकपुडीवर खूण कसली, मी म्हणालो देवीची. लाज वाटली होती.

इथं असं घरोघर करतात, त्यात काही नवं नाही. पण कोटवार लिहायला आला तेव्हा आईनं आतून सांगितलं, पोरगं गोदाचं आहे, तसंच लिही. वडील होते, तेही गप्प बसले. सरकारी वही झाली तरी न्यायला येणारा तीही वाचणारच ना, असं तिचं म्हणणं. शाळेत वडिलांनी अरविंद सुकलाल लिहिलं, पण शाळेच्या दाखल्याला तहसिलीत कुणी विचारत नाही. वडील आज असते तर त्यांच्या एका सहीनं काम झालं असतं. आता आईनं शपथेवर सांगायला हवं की हा माझ्या पोटचा.

ती सांगत नाही.

मी गोडीनं विचारलं. मग ओरडलो. काल आखाजी होती, तुमची अक्षय्य तृतीया, सगळ्या घरी पुरणाचा वास, आणि मी चुलीसमोर उभा राहून म्हणालो, "एवढं एक वाक्य बोलायला तुझ्या बापाचं काय जातं?" ती म्हणाली, "मले नको इचारू." मी ताट लाथेनं उडवलं. ती उठली, सगळं गोळा केलं, आणि म्हणाली, "गोदाले सांग, तुह्या पोराले समजव."

विमल, मला आठवतं तेव्हापासून तिनं मला कधी 'माझा' म्हटलं नाही. कधी ओवाळलं नाही. माझ्या पहिल्या घासाचं ताट आधी गोदाबाईच्या दारात जाऊन यायचं. मला वाटायचं हिला माया कमी. काल लाथ मारल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, ती रागावली नव्हती. ती माझ्या पायाकडे बघत होती, काही लागलं तर नाही ना.

आणि एक सांगू? दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. वहीतलं ते पान पाहिल्यापासून कधी कधी वाटतं, तिनं सांगितलेलं तेच खरं असेल तर? ती घाबरते म्हणून बोलत नाही, की नाहीच म्हणून बोलत नाही? आरशात बघतो. कुणासारखा दिसतो ते ठरत नाही.

आता तुझ्या बाबांना काय सांगशील, ते तू बघ.

अरविंद


म्हापसा
७ मे १९५५

अरविंद,

बाबांना अजून काही सांगितलं नाही. धीर झाला नाही.

तुमच्या आईंबद्दल वाचून मी खूप वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. पण मीही घाबरलेली आहे, आणि घाबरलेलं माणूस स्वतःचंच बघतं. म्हणून विचारते. एकदाच. फक्त एकदा त्या कचेरीत म्हणाल्या, आणि घरी येऊन पुन्हा कधी नाही म्हणाल्या, तर चालणार नाही का? बावीस वर्षं झाली. ज्याला न्यायचं होतं तो आता विसरला असेल. त्यांना माझ्याकडून विनंती करा. मी त्यांच्या पाया पडते म्हणावं.

रेल्वेच्या माणसाची बायको आमच्याकडे येते. ती म्हणाली, जूनपर्यंत गाडी नक्की आहे, पुढचं कुणी सांगत नाही. मडगावकर अंगठीचं माप घ्यायला येत्या आठवड्यात येतात. आईनं त्यांना सांगितलं, हिला ताप आहे. मला ताप नव्हता, पण सांगितल्यावर आला.

विमल


राजपुरा, बुऱ्हाणपूर
१९ मे १९५५

विमल,

हे मित्राच्या घरून लिहितो आहे, फोपनारला गेलो की लिहवणार नाही. काय झालं ते जसं झालं तसं सांगतो.

तुझी विनंती आईला वाचून दाखवली. ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चाल. गोदालेही घे." मला वाटलं, जिंकलो. खरंच तसंच वाटलं, नालायकासारखं.

तहसिलीसमोर लिंबाखाली दिगंबरराव म्हणून अर्जनवीस बसतात. त्यांनी कागद लिहिला. मी मनकर्णा, बेवा सुकलाल, शपथेवर सांगते की कडू ऊर्फ अरविंद हा माझ्या पोटी जन्मला. दोनदा वाचून दाखवला. आई मान हलवत होती. गोदाबाई बाजूला बसून तपकीर ओढत होती. म्हणाली, "लिव्हा लिव्हा. शेरभर ज्वारीत घेतला व्हता, आता पाहा कसा केळीच्या घडासारखा झाला. सस्त्यात गेला मह्याकडून."

आत नायब साहेब होते. बाबूनं आईचा अंगठा धरून शाईच्या डबीवर दाबला, मग साहेबानं कागद वाचला आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, "बाई, हा तुमचा मुलगा?"

साहेबानं वर पाहिलं. पुन्हा विचारलं. शपथेवर आहात म्हणाला.

आई म्हणाली, "नाही साहेब. हे पोरगं मह्यं नाही. हे गोदाचं हाये."

मग एक बाबू फिसकन हसला. साहेब माझ्याकडे वळून म्हणाला, "तो भाई, तुम हो किसके?" माझ्या कानात नुसती धग. मी पुढे झालो, तोंडात काय काय आलं होतं सांगत नाही. तेवढ्यात तिचा हात दिसला. शाई लागलेला अंगठा तिनं मुठीत आत दाबून धरला होता, इतका की शाई बोटांमधून ओघळून मनगटावर आली होती. कागदाला तिचा डाग लागू नये म्हणून. परक्या पोरासाठी कुणी अंगठा असा लपवत नाही, विमल. मला आरशात बघायची गरज उरली नाही.

मी दोन पावलं मागे सरलो. जन्मात पहिल्यांदा असेल.

मग गोदाबाई उठली. "ती काय झूट बोलली? मह्यंच हाये. हाच कडू, शाळेत याले अरविंद म्हणत. आना तो कागद." दिगंबररावांनी दुसरा लिहिला, तिनं अंगठा लावला, साहेबानं शिक्का मारला. अर्ध्या तासात. खरं जिथं तीन महिने अडलं होतं तिथं हे असं झपकन निघालं. माझ्या हातात आता पक्का सरकारी दाखला आहे. कडू ऊर्फ अरविंद. आई गोदाबाई, बेवा. बाप, कोरी जागा.

परत येताना बैलगाडीत आई दुसऱ्या टोकाला बसली होती. मनगट लुगड्याला पुसत होती. फोपनार दिसायला लागलं तेव्हा म्हणाली, "शपथ खाऊन झूट बोलले. त्याचं काय व्हायचं ते मले होईल. तुले काही होत नाही आता."

हा दाखला मी बदलणार नाही. पुन्हा तिला तिथं उभी करणार नाही, तू सांगितलंस तरी नाही, सगळं मोडलं तरी नाही. मी येईन तर या नावानं येईन. तुमच्या बाजारच्या वाटेवर, दारावर, बापाच्या जागी कोरं ठेवून. तुझे बाबा हे वाचतील, मडगावकर वाचतील. तू नको म्हणालीस तर मी समजेन, असं लिहायला हवं. पण मी समजणार नाही. मला फार भीती वाटते. तरी तू खरं तेच लिही.

अरविंद


म्हापसा
२८ मे १९५५

कडू,

या नावानं हाक मारायची तर 'तुम्ही' म्हणवत नाही. तेव्हा आजपासून तू.

माझी विनंती परत घेते. मी ती करायला नको होती. त्यांच्या मनगटाचं वाचल्यापासून माझा हात सारखा माझ्याच मनगटावर जातो.

तुझी दोन्ही पत्रं मी बाबांना पूर्ण वाचून दाखवली. गोवऱ्यांसकट, कोऱ्या जागेसकट. ते म्हणाले, "लोक काय वाचतील?" मी म्हटलं, जे लिहिलं असेल ते. ते म्हणाले, मडगावचं स्थळ अजून थांबलं आहे. तेव्हा मला एकदम सुचलं, आणि मी कधी बोलले नव्हते तशी बोलले. मी म्हटलं, बाबा, रजिस्ट्रारच्या वहीत मुलीची सही लागते. तुमची नाही, मुलीची. मडगावकरांसाठी ती मी करणार नाही. तुम्ही हात धरून न्याल, पण तिथं गेल्यावर तो साहेब मलाच विचारणार.

बोलून झाल्यावर भिंतीला धरून उभी राहिले. बाबा दोन दिवस बाहेर ओटीवरच जेवले. तिसऱ्या दिवशी छत्री घेतली आणि तर्जुमा करणाऱ्याकडे जाऊन वेळ ठरवून आले. येऊन एवढंच म्हणाले, "कोऱ्या जागेत तो रेघ मारतो म्हणतो. रेघ बरी दिसेल."

आधी कागद टपालानं पाठव, म्हणजे एदिताल लागेल. मुंबईच्या वकिलातीतून शिक्का घेऊन पाठव, एक दिवसही घालवू नकोस. परवाना हातात आला की नीघ. हद्दीवर तपासतात तेव्हा नाव-गाव-आई एका दमात विचारतात, अडखळलं की बाजूला घेतात. पाठ करून ये. आणि येताना हेही ध्यानात ठेव, की आत येता येईल, परत कधी जाता येईल ते मला ठाऊक नाही. कुणालाच नाही. घरी नीट भेटून ये.

विमल


म्हापसा
२९ जून १९५५

गोदाबाईस कडूचा दंडवत.

हे पत्र शेजारची कोकिळा तुला वाचून दाखवील. तिला म्हणावं, सावकाश वाच, आणि तुझ्या ओट्यावर बसून वाच, म्हणजे ज्यांना ऐकायचं त्यांना ऐकू जाईल.

मी पोचलो. हद्दीवर बंदुकवाल्या शिपायानं कागद उलटेपालटे केले. दोन माणसांना खाली उतरवलं, त्यांचं पुढं काय झालं कळलं नाही. मला विचारलं, आईचं नाव? मी म्हणालो, गोदाबाई. अडखळलो नाही. त्यानं हात हलवून पुढे जा म्हटलं.

कचेरीच्या दारावर आमचा कागद पंधरा दिवस होता. एका म्हाताऱ्यानं तो बोट फिरवत वाचला आणि मला विचारलं, वडील नाहीत? मी म्हटलं, नाहीत. तेवढंच. परवा सह्या झाल्या. विमलनं माझ्याआधी सही केली, घाईनं, कुणी दौत उचलून नेईल की काय अशी. तिचे बाबा साक्षीदार झाले. बापाच्या जागी रेघ आहे. आईच्या जागी तुझं नाव त्यांच्या भाषेत लिहिलं आहे, लांबलचक दिसतं. तू पाहिलंस तर तपकीर विसरशील.

आता वाईट ते सांगतो. ज्या गाडीनं आलो ती पुढच्या महिन्यात राहते की नाही, सांगता येत नाही. पत्रंही किती दिवस जातील ठाऊक नाही. तेव्हा बरेच दिवस माझं काही आलं नाही तर मी आजारी आहे असं कुणी समजू नये. खातो, पितो, झोपतो. विमलचा मामा दुकानात हिशेब बघायला ठेवतो म्हणाला आहे. समोरच्या गल्लीत रात्री शिपाई फिरतात, आम्ही दार लावून घेतो. ताप आला नाही. काही लागलं नाही.

निघताना बुऱ्हाणपूरला लालबागच्या स्टेशनावर तू मला ओवाळलंस आणि तुझ्या मागे, जरा लांब, खांबाला टेकून मनकर्णाबाई उभ्या होत्या. शेजारधर्म म्हणून एवढ्या उन्हात आल्या. गाडी सुटली तरी त्या पुढे आल्या नाहीत, ते मी पाहिलं. त्यांना माझा नमस्कार सांग. विमलचाही सांग.

आणि कोकिळानं पत्रात लिहिलं आहे की त्या हल्ली नीट जेवत नाहीत, सारखं वाटेकडे बघतात. त्यांना तू समजाव. म्हणावं, बाई, गोदाबाईचं पोरगं गेलं परमुलखात, तुम्ही कशाला जिवाला घोर लावून घेता? निर्धास्त जेवा. तो तुमचा कोणी नाही.

तुझा मुलगा
कडू